मांडवीतील कॅसिनो आणि पणजीकरांचा विरोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत राहणाऱ्या आणि कॅसिनोविरोधी कामात वेळोवेळी सहभागी झालेल्या आम्हा काही जणांना सभांमध्ये, फेरीबोटीत, मासळी बाजारात आणि नातेवाइकांच्या घरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न आमच्या बाजूच्या लोकांचे आहेत, तर काही आमच्याशी असहमत असलेल्यांचे आहेत. दोन्हींना सारख्याच गांभीर्याने उत्तर द्यावे असे आम्हांला वाटते.

तुमचा विरोध नेमका कशाला आहे?

मांडवी नदीच्या पात्रात, पणजी शहराच्या अगदी समोर नांगरून ठेवलेल्या कॅसिनो जहाजांना आमचा विरोध आहे. अशी सहा जहाजे तेथे आहेत. दयानंद बांदोडकर मार्गाने चालत गेले की ती एकामागून एक दिसतात. त्यांच्या तिकीट खिडक्या आणि स्वागतकक्ष रस्त्याच्या कडेलाच आहेत आणि जेटीवरून फीडर बोटी गिऱ्हाइकांची रात्रभर ने-आण करतात. पंचतारांकित हॉटेलांमधील कॅसिनोंबद्दलही आमचे मत चांगले नाही, परंतु आमच्या कामाचा गाभा नदी हा आहे. नदी कोणा एकाच्या मालकीची नसते, आणि शहरासमोरच्या या पाण्याचा उपयोग कशासाठी व्हावा, याबद्दल शहरातील लोकांचा कौल कधीही घेतला गेला नाही.

कॅसिनो कायदेशीर आहेत. मग विरोध कोणत्या आधारावर करता?

परवाना घेतलेले कॅसिनो कायद्यानुसार चालतात, हे आम्ही नाकारत नाही. मात्र तो कायदा कसा घडत गेला हे समजून घेतले पाहिजे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा आहे आणि त्याचा मूळ हेतू जुगाराला आळा घालण्याचा होता. १९९२ मध्ये त्यात १३-अ हे कलम घालण्यात आले आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन व इलेक्ट्रॉनिक खेळांना परवानगी देण्याची वाट मोकळी झाली. पुढे त्याच कलमात ‘ऑफशोअर’ जहाजांवर टेबलावरचे खेळ चालवण्याची तरतूद आली. म्हणजे ज्या कायद्याखाली मटक्याचे आकडे घेणाऱ्या टपरीवाल्याला पोलीस आजही पकडतात, त्याच कायद्यातील एका कलमाने जहाजावरच्या जुगाराला मान्यता दिली आहे.

आता ‘ऑफशोअर’ हा शब्द पाहा. सामान्य माणूस त्याचा अर्थ किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात असाच करील. पणजीच्या काठावरील बाकावर बसून ज्यांच्या दिव्यांच्या माळा मोजता येतात, अशा जहाजांना हा शब्द कसा लागू होतो, हा प्रश्न आम्ही सुरुवातीपासून विचारत आलो आहोत.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या १९५७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, जुगार हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) खाली संरक्षण मिळणारा व्यापार किंवा धंदा नाही. जुगार आणि पैज हा विषय राज्यसूचीत आहे. तेव्हा कॅसिनोचा परवाना हा कोणाचा मूलभूत हक्क नसून सरकारने दिलेली सवलत आहे. दिलेली सवलत काढून घेण्याचा अधिकार सरकारकडेच आहे आणि म्हणून आमचे गाऱ्हाणे मुख्यतः सरकारकडे आहे.

जहाजे तात्पुरती आहेत असे सरकार म्हणते. मग घाई कशाची?

सगळ्या प्रकरणात आम्हांला सर्वांत जास्त सलणारा शब्द कोणता असेल, तर तो ‘तात्पुरते’ हा आहे. मांडवीबाहेर पर्यायी जागा मिळेपर्यंत जहाजांना नदीत राहू द्यावे, अशा आशयाचा निर्णय मंत्रिमंडळ घेते आणि बहुतेक वेळा तो सहा महिन्यांसाठी असतो. मुदत संपत आली की पुन्हा विषयपत्रिकेवर तोच विषय येतो आणि पुन्हा मुदतवाढ मिळते. वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी छापून येते. ज्या मुलांनी पहिल्या मुदतवाढीच्या वेळी मिरामारला वाळूचे किल्ले केले, ती आता मतदार झाली आहेत.

आश्वासने मात्र भरपूर मिळाली. विरोधी पक्षात असताना मनोहर पर्रीकर यांनी कॅसिनोंविरुद्धच्या आंदोलनाला उघडपणे बळ दिले होते. २०१२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, परंतु जहाजे जागची हलली नाहीत. त्यांच्या निधनानंतर २०१९ मध्ये पणजीत पोटनिवडणूक झाली, तेव्हा आतानासियो मोन्सेरात यांनी शंभर दिवसांत मांडवीतून कॅसिनो हटवण्याचे आश्वासन दिले. ते निवडून आले, काही आठवड्यांतच पक्ष बदलून सत्ताधारी बाजूला गेले, आणि जहाजे आहेत तेथेच राहिली. ही उदाहरणे कोणा एका पक्षाला नावे ठेवण्यासाठी दिलेली नाहीत. काँग्रेसच्या राजवटीतही नदीत जहाजे होती आणि भाजपच्या राजवटीतही आहेत. प्रत्येक मुदतवाढीला ‘शेवटची’ समजून गप्प बसण्याची सवय पणजीकरांना लागू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

राज्याला मिळणाऱ्या महसुलाचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा गोव्याच्या तिजोरीला मोठा फटका बसला आणि खाणपट्ट्यातील ट्रकमालक व बार्जवाले यांचे अतोनात हाल झाले. अशा काळात कॅसिनोंकडून येणारे परवाना शुल्क सरकारला आधाराचे वाटले, हे समजण्यासारखे आहे. त्याखेरीज वस्तू व सेवा कर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोंत खेळण्याच्या चिप्स घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर ४० टक्क्यांवर गेला. हा कर केंद्र आणि राज्य यांच्यात विभागला जातो.

परंतु एक विचार करून पाहावा. केंद्राने कॅसिनोंना करांच्या सर्वांत वरच्या टप्प्यात बसवले ते त्यांचे कौतुक म्हणून नव्हे. ज्या गोष्टी समाजाला घातक मानल्या जातात, त्यांच्याच रांगेत जुगाराला बसवण्यात आले आहे. ज्याला सरकार स्वतः घातक समजते, त्याच्याच उत्पन्नावर राज्याचा अर्थसंकल्प दरवर्षी अधिकाधिक विसंबू लागला, तर तो धंदा आटोक्यात ठेवण्याची इच्छाशक्ती त्या सरकारकडे उरणार कशी? खाणींच्या बाबतीत आपण हेच अनुभवले आहे. शिवाय जमेच्या बाजूला रुपये मांडताना खर्चाची बाजू कोणी मांडत नाही. रस्त्यांवरची वाहनकोंडी, पार्किंग, पोलीस बंदोबस्त, कचरा आणि मोडलेले संसार यांचा हिशेब कोणत्याही खात्याकडे एकत्र ठेवलेला आम्हांला मिळालेला नाही.

रोजगार जाईल, त्याची जबाबदारी कोण घेणार?

जहाजांवर काम करणाऱ्यांमध्ये गोव्यातील मुले-मुली आहेत. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि ईशान्येकडील राज्यांतून आलेले तरुणही आहेत. रात्रपाळी करून घर चालवणाऱ्या या लोकांशी आमचे काहीही भांडण नाही. जहाजे हटवण्याचा निर्णय ठराविक तारखेसह जाहीर व्हावा, म्हणजे कामगारांना दुसरी सोय पाहण्यास वेळ मिळेल आणि त्यांच्या पुनर्वसनाची अट परवानाधारकांवर घालता येईल, अशी आमची मागणी आहे. सहा-सहा महिन्यांच्या टांगत्या मुदतीचा सर्वाधिक त्रास कोणाला होत असेल, तर तो त्यांनाच होतो.

गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेश नाही. मग गोव्याचे काय बिघडते?

१ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास सरकारने बंदी घातली. चळवळीने वर्षानुवर्षे केलेल्या मागणीला आलेले हे एक फळ आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच केले. पण या बंदीतच सरकारची कबुली आहे. जे आपल्या लेकरांना बाधते, ते शेजारच्या घरातील लेकरांना बाधत नाही असे कसे म्हणता येईल?

आमच्यातील एक ताई पहाटेच्या बसने फोंड्याला जायच्या. एका सकाळी कदंब बसस्थानकावर तिशीतला एक तरुण त्यांच्याजवळ आला आणि मान खाली घालून कोल्हापूरपर्यंतच्या भाड्याचे पैसे मागू लागला. बदल्यात तो मनगटावरचे घड्याळ काढून देत होता. ताईंनी त्याला चहा घेऊन दिला, तेव्हा त्याने सांगितले की तो तिघा मित्रांबरोबर आला होता. प्रवेशाच्या पैशांतच जेवण, दारू आणि खेळायला काही कूपन मिळते, म्हणून एक रात्र मजा करू असे ठरले होते. पहिल्या तासाभरात तो जिंकला. मग खिशात होते ते ऊसबिलाचे पैसेही गेले. मित्र मध्यरात्रीनंतर लॉजवर निघून गेले आणि हा मात्र गेलेले भरून काढायला थांबला. ताईंनी घड्याळ घेतले नाही, भाडे दिले. बस सुटेपर्यंत तो एकच वाक्य बोलत राहिला, “घरी काय सांगू?”

अशा माणसाची नोंद गोव्यात कुठेच होत नाही, कारण तो कोसळतो तो आपल्या गावी गेल्यावर. म्हणूनच हा केवळ पणजीचा प्रश्न नाही.

नदीला काय त्रास होतो?

मांडवी ही वाहतुकीची, मासेमारीची आणि भरती-ओहोटीची नदी आहे. समोर बेती आणि मालीम आहे. मालीमच्या जेटीवरून ट्रॉलर ये-जा करतात, रायबंदर-चोडण मार्गावर फेरीबोटी चालतात. अशा पात्रात कायमची नांगरलेली मोठी जहाजे आणि त्यांच्या अविरत फिरणाऱ्या फीडर बोटी आल्या की मार्ग अरुंद होतो. शेकडो माणसे रात्रभर वावरत असलेल्या जहाजांवरील मलमूत्र आणि स्वयंपाकघरातील सांडपाणी कसे आणि कुठे नेले जाते, याची स्वतंत्र व नियमित तपासणी होऊन तिचे अहवाल लोकांसमोर यावेत, ही आमची जुनी मागणी आहे.

धोका किती खरा आहे, हे जुलै २०१७ मध्ये सर्वांनी पाहिले. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचे बांध साचतात आणि समुद्र खवळलेला असतो. अशा दिवसांत ‘लकी सेव्हन’ नावाचे कॅसिनो जहाज नदीत आणण्याचा प्रयत्न झाला आणि ते मिरामारच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. पुढे कित्येक आठवडे ते तेथेच अडकून पडले होते. संध्याकाळी मुलांना घेऊन किनाऱ्यावर येणारी पणजीकर कुटुंबे सूर्यास्ताकडे तोंड करून उभी राहत आणि त्यांच्या समोर ते अजस्र धूड असे. त्यातून तेल गळले तर काय, ही धास्ती तेव्हा घराघरांत होती.

कॅसिनो जमिनीवर, मोपा परिसरात हलवले तर प्रश्न सुटेल का?

पणजीतील काही जणांना हा तोडगा पटतो. आम्हांला पटत नाही. आपल्या दारातला त्रास शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे याला सुटका म्हणता येत नाही. मोपा विमानतळ झाल्यापासून पेडणे तालुक्यातील जमिनींवर आधीच मोठा दबाव आहे. धारगळ येथे नियोजित असलेल्या कॅसिनो-रिसॉर्ट प्रकल्पाची जमीन तिळारी पाटबंधारे प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात येत असल्याने तेथील शेतकरी व ग्रामस्थांनी विरोध केला. तिळारीचे धरण सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आहे आणि हा महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे. ते धरण आणि त्याचे कालवे उभे राहावेत म्हणून लोकांनी आपली गावे आणि घरे सोडली आहेत. ते पाणी शेतीसाठी आले होते, याची आठवण ठेवणे हे दोन्ही राज्यांतील लोकांचे काम आहे.

महाराष्ट्रात कॅसिनोंचा कायदा होता, हे खरे का?

खरे आहे आणि अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटते. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम १९७६ मध्येच मंजूर झाला होता. मात्र तो अमलात आणण्याची अधिसूचना एकाही सरकारने काढली नाही. तो कायदा सुमारे ४७ वर्षे कागदावर राहिला. तो लागू करावा, अशी मागणी अधूनमधून होत असे आणि ती उच्च न्यायालयापर्यंतही पोहोचली होती. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि पुढे विधिमंडळानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी महसुलाचा मोह बाजूला ठेवला, हे उदाहरण आम्ही गोव्यातील लोकप्रतिनिधींना नेहमी देतो. त्याच वेळी महाराष्ट्रातून दर शनिवार-रविवारी गोव्याच्या जहाजांवर येणाऱ्या गाड्या पाहिल्या म्हणजे, दार एका राज्याने लावून पुरत नाही, हेही कळते.

चळवळ कोण चालवते? त्यामागे कोणता पक्ष आहे का?

पक्ष नाही. ‘आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग’ हा या लढ्यातील सर्वांत परिचित गट असून साबिना मार्टिन्स यांनी त्याचे नेतृत्व केले आहे. त्या गोव्यातील स्त्रीमुक्ती चळवळीतही दीर्घकाळ काम करत आल्या आहेत. नावात ‘औरत’ आधी आहे, ते आम्हांला अर्थपूर्ण वाटते, कारण जुगाराची झळ पहिल्यांदा घरातील बाईला लागते. डब्यातील पैसे कमी होतात, मग मंगळसूत्र गहाण पडते आणि शेवटी सावकार दारात येतो. या कामात शिक्षक, वकील, निवृत्त कर्मचारी, चर्चशी निगडित मंडळी आणि देवळांच्या समित्यांतील लोकही येऊन मिळतात. निदर्शने, सह्यांची मोहीम, न्यायालयातील याचिका, परवान्यांच्या अटींचा पाठपुरावा अशी कामे होतात. मोर्चाला कधी पाचशे माणसे असतात, कधी वीसच. वीस असतात तेव्हाही आम्ही उभे राहतो.

तुम्ही लोकांच्या करमणुकीवर आपली नैतिकता लादत नाही का?

प्रौढ माणसाने आपल्या पैशांचे काय करावे, हे सांगण्याचा अधिकार आम्ही मागत नाही. पण घरात पत्ते खेळणारी चार माणसे आणि गिऱ्हाइकाने शक्य तितका वेळ थांबावे म्हणून आखलेला उद्योग यांत फरक आहे. तिथे खिडकीतून बाहेर पाहून वेळेचे भान यावे अशी रचना नसते, नोटांच्या जागी चिप्स असतात आणि दीर्घकाळ खेळणाऱ्याचे हरणे हे गणितानेच ठरलेले असते. करमणूक म्हणून जो धंदा सांगितला जातो, त्याचा नफा हरणाऱ्यांवर उभा असतो. तो सार्वजनिक नदीत चालावा की नाही, हा नागरिकांनी ठरवण्याचा विषय आहे.

ऑनलाइन जुगार मोबाइलवर असताना जहाजे हटवून काय होणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मोबाइलवरचा जुगार कुटुंबे उद्ध्वस्त करतो हे देशाच्या संसदेने मान्य केले असेल, तर नदीवरच्या जुगाराला वेगळा न्याय कशासाठी, असा प्रश्न आता अधिक जोराने विचारता येतो.

जगात कोठे नागरिकांना यश आले आहे का?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे उदाहरण आम्हांला शिकण्यासारखे वाटते. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००४ मध्ये कॅसिनोंना मुभा देणारा कायदा केला आणि डिसेंबर २००६ मध्ये फिलाडेल्फिया शहरात शुगरहाऊस आणि फॉक्सवुड्स या दोन कॅसिनोंना परवाने दिले. नदीकाठच्या वस्त्यांमधील लोकांनी ‘कॅसिनो-फ्री फिलाडेल्फिया’ ही संघटना उभारली. नियोजनाची कागदपत्रे दडवली जात आहेत असे दिसल्यावर त्यांनी जाहीर मुदत देऊन ती मागितली. मुदत उलटल्यावर ते थेट हॅरिसबर्ग येथील नियामक मंडळाच्या कार्यालयात गेले आणि पारदर्शकता हवी म्हणून तेथील काचा पुसू लागले. वस्तीपासून ठराविक अंतरात कॅसिनो नको, या प्रश्नावर सार्वमत व्हावे म्हणून त्यांनी २७ हजारांहून अधिक सह्या जमवल्या, परंतु राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते सार्वमत थांबवले. पुढे फॉक्सवुड्सने चायनाटाउनजवळ जागा बदलून पाहिली, तेव्हा तेथील रहिवासीही उभे ठाकले. अखेर डिसेंबर २०१० मध्ये फॉक्सवुड्सचा परवाना रद्द झाला. शुगरहाऊस मात्र त्याच वर्षी सुरू झाले. दोनपैकी एक अडवता आला, हे आम्ही लहान यश मानत नाही.

घरातील कोणाला जुगाराचे व्यसन लागले असेल तर काय करावे?

जुगाराचे व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला विकार आहे. रुग्णाला लाज वाटेल असे बोलून किंवा त्याचे कर्ज गुपचूप फेडून तो थांबत नाही. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत उपचार मिळतात. पैशांचे व्यवहार काही काळ घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे सोपवणे, हे पहिले व्यावहारिक पाऊल ठरते.

मी एकटा माणूस काय करू शकतो?

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत यावे लागते. परवान्याच्या अटी व मुदतीसाठी गृह खात्याकडे, नांगरण्याच्या जागांसाठी बंदर कप्तान खात्याकडे, पाण्याच्या तपासणीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि रस्त्याकडेच्या कचेऱ्यांच्या परवान्यांसाठी पणजी महानगरपालिकेकडे अर्ज करता येतो. मंत्रिमंडळाची कागदपत्रे गोपनीय आहेत असे उत्तर आले तर खचू नका. कायद्याच्या कलम ८(१)(झ) नुसार निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर त्यामागची कारणे आणि आधार जाहीर करणे बंधनकारक आहे, हे पहिल्या अपिलात लिहा. एका अर्जात एकच विषय ठेवा, ‘मुदतवाढ का दिली’ असे न विचारता ‘मुदतवाढीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असे मागा.

गावात राहत असाल तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात शब्दशः उतरला आहे ना, हे पुढच्या सभेत वाचून पाहा. मुदत संपण्याच्या पंधरवडाभर आधी आपल्या आमदाराला पत्र द्या, ते हाताने नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. आमच्याकडे अशा शिक्क्यांच्या पत्रांची एक जाड फाईल आहे. कोणत्या वर्षी कोणी काय म्हटले होते, हे विधानसभेत किंवा न्यायालयात सांगायची वेळ येते, तेव्हा तीच फाईल उघडावी लागते. तुमच्या पत्राची पोचही जपून ठेवा आणि जमल्यास तिची एक प्रत आमच्यापर्यंत पोहोचवा.